सत्तेचाळीसच्या जागी अठ्ठेचाळीस

स्वतःच्या रक्ताचा रिपोर्ट फार चांगला आला म्हणून तक्रार करायला आलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. पंचाहत्तरीचे सरदारजी होते. करोल बागेत मोटारींच्या सुट्या भागांचं त्यांचं दुकान, आता मुलगा बघतो. मेट्रोच्या ब्लू लाइनने एकटेच नोएडापर्यंत आले होते आणि हातात प्लास्टिकची जाडजूड फाइल होती. रिसेप्शनवरच्या मुलीने त्यांना तीनदा सांगितलं की तक्रार फोनवरूनच नोंदवावी लागते. तिसऱ्यांदा ऐकल्यावर ते शांतपणे खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मैं यहीं बैठा हूँ. जिसने बनाया है, उसको बुला दो."

बनवलं होतं मी. म्हणून मला खाली बोलावलं.

आमची कंपनी छोटी होती. रक्त-लघवीच्या तपासण्या करणाऱ्या एका लॅबचं काम आमच्याकडे होतं. लॅबचा मूळ प्रोग्राम जावा या भाषेत लिहिलेला, बरीच वर्षं चाललेला, आणि त्याला हात लावायचा नाही अशी अट होती. लोकांना फोनवर रिपोर्ट दिसावा म्हणून आम्ही जे नवं पान तयार केलं, ते जावास्क्रिप्टमध्ये होतं. नावं सारखी वाटली तरी या दोन भाषा अगदी वेगळ्या आहेत. एकीला दुसरीला काही सांगायचं असेल तर मध्ये साधा मजकूर लागतो: हे नाव, हे वय, हा नमुन्याचा क्रमांक. एक भाषा तो लिहून पाठवते, दुसरी तो वाचून घेते. त्या मजकुरात काय कसं लिहायचं हे ठरवणं माझं काम होतं. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं याच कामात गेली आहेत आणि ते काम मला येतं, असं मी समजत होते.

सरदारजींनी फाइल उघडून टेबलावर कागद मांडले. जुन्यात जुना रिपोर्ट वीस वर्षांपूर्वीचा होता, पिवळा पडलेला.

"बीस साल से शुगर है मुझे," ते म्हणाले. "खाली पेट डेढ़ सौ से नीचे कभी नहीं आई. और तुम्हारा फोन बोलता है अट्ठासी."

"अंकल, औषध बदललं असेल," मी हिंदीत म्हटलं.

"दवा वही है. परहेज़ मैं करता नहीं. परसों भी जलेबी खाई है."

मी म्हटलं, नळीची अदलाबदल झाली असेल, लॅबला कळवते. ते म्हणाले, लॅबमध्ये जाऊन आलो, ते म्हणतात नळी बरोबर आहे. मग त्यांनी पैसे भरल्याची पावती काढली, तिच्या शेजारी फोन ठेवला आणि दोन्हींवर एकेक बोट ठेवलं.

"ये पढ़ो. पूरा पढ़ो."

सोळा अंकी क्रमांक होता. मी दोन्हीकडचा वाचला. सारखाच वाटला.

"आख़िरी," ते म्हणाले. "यहाँ सैंतालीस. यहाँ अड़तालीस."

खरंच तसं होतं. पावतीवर शेवटी ४७, फोनवर ४८.

"हमारे काम में पार्ट नंबर होता है," ते म्हणाले. "आख़िरी अंक बदला तो दूसरी गाड़ी का पुर्ज़ा आ जाता है. देखने में वैसा ही. लगता नहीं. चालीस साल मैंने आख़िरी अंक ही पढ़ा है."

मला तेव्हाच सगळं उमगलं, असं म्हणणं खोटं होईल. पावतीवर कुणीतरी हाताने आकडा चुकीचा घातला असेल, हेच माझ्या मनात आलं. मी त्यांच्यासाठी चहा सांगितला, माझ्या जागेवर गेले आणि जावाकडून येणारा मजकूर उघडून पाहिला. तिथे ४७ होतं. पानावर ४८. मध्ये दुसरं काहीच नव्हतं. जावास्क्रिप्टने तो मजकूर वाचला होता, एवढंच.

मग मात्र लक्षात आलं. ही गोष्ट पुस्तकात वाचलेली होती, नव्या मुलांना मीच कधीकाळी शिकवलेली होती. जावास्क्रिप्टमध्ये आकडा ठेवायची जागा ठरावीक मापाची असते. ९००७ ने सुरू होणारा एक सोळा अंकी आकडा आहे. तिथपर्यंत सगळे पूर्णांक नीट बसतात. त्याच्यापुढे फक्त सम आकडे बसतात. विषम आकडा आला की ती भाषा त्याला शेजारच्या सम आकड्यावर नेऊन ठेवते. ती थांबत नाही, चूक झाली असंही सांगत नाही. तिच्या लेखी चूक झालेलीच नसते.

लॅबच्या क्रमांकांची सुरुवात केंद्रावरून व्हायची. नोएडाच्या केंद्रांना १ ने सुरू होणारे क्रमांक, गाझियाबादला २ ने. दोन वर्षं कुणालाच काही त्रास झाला नव्हता. तीन आठवड्यांपूर्वी दिल्लीत दोन नवी केंद्रं उघडली, एक करोल बागेत, एक मुनिरकाजवळ. दिल्ली मोठी, म्हणून तिच्यासाठी कुणीतरी ९ राखून ठेवला होता. ९१ आणि ९२. त्या दिवसापासून दिल्लीतल्या प्रत्येक विषम क्रमांकाच्या माणसाला फोनवर आपल्या नावाखाली शेजारच्याचे आकडे दिसत होते. नाव वेगळ्या वाटेने यायचं, ते बरोबर असायचं. आणि बहुतेकांचे रिपोर्ट चांगलेच असतात, त्यामुळे कुणाला शंका येत नव्हती.

मी माझा जुना दस्तऐवज उघडला. एका ओळीत मीच लिहिलं होतं: नमुना क्रमांक, प्रकार संख्या. तिथे संख्येऐवजी 'मजकूर' असं लिहिलं असतं, म्हणजे त्या सोळा अंकांच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं घातली असती, तर दुसऱ्या भाषेने ते अंक जसेच्या तसे ठेवले असते. क्रमांकाची कुणी बेरीज करत नाही. त्याला संख्या म्हणायचं काही कारणच नव्हतं. आणि चाचणी घेताना मी नमुन्यांना क्रमांक दिले होते १, २, ३ आणि १०१.

खाली जाऊन मी सरदारजींना सांगितलं की चूक आमची आहे, आणि त्यांच्यासमोरच लॅबच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या पॅथॉलॉजिस्ट, तिथल्या प्रमुख. त्यांनी ४७ चा खरा रिपोर्ट काढून वाचून दाखवला. एकशे शहाऐंशी.

"हाँ," सरदारजी म्हणाले. "ये मेरी है."

त्यांनी कागद परत फाइलमध्ये लावले. निघताना दारापाशी थांबले. "और कितने लोग हैं?"

"बघावं लागेल."

"देख लो," ते म्हणाले. मी गाडी मागवते म्हटलं तर हात हलवून नको म्हणाले आणि मेट्रोकडे चालू लागले.

दुरुस्ती वीस मिनिटांत झाली. दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं, आणि वाचणाऱ्या बाजूला एका ओळीचा बदल. त्यानंतर मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. माझ्यापेक्षा वयाने लहान, बोलायला नम्र. मी सांगितलेलं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"फिक्स झालं ना?" त्यांनी विचारलं.

"हो. पण ज्यांनी चुकीचे रिपोर्ट पाहिलेत, त्यांचं काय?"

"पुन्हा उघडतील तेव्हा बरोबर दिसेल."

"कोण पुन्हा उघडतं? एकदा नॉर्मल दिसला की माणूस परत बघत नाही."

ते म्हणाले, "लॅबला ठरवू दे. आपण लिखित काही पाठवायचं नाही. फोनवर बोल."

मी फोनवरच बोलले. डॉक्टरबाई पहिल्यांदा चिडल्या, पण दोन मिनिटांत त्या कामाला लागल्या. दिल्लीच्या दोन केंद्रांतले, विषम क्रमांकाचे आणि फोनवर रिपोर्ट उघडलेले असे सगळे मी काढून पाठवले. शंभराच्या वर नावं होती. त्यांचे खरे रिपोर्ट लॅबकडे सुरक्षित होते. ज्याचे त्यानेच ते पाहिलेले नव्हते. बाईंनी यादी वाचून नऊ जण बाजूला काढले, ज्यांना आजच कळायला हवं होतं. लॅबमधून फोन सुरू झाले. चार वाजेपर्यंत आठ जणांशी बोलणं झालं होतं. नवव्या नावाचा फोन बंद होता.

"तेवीस वर्षांची मुलगी," बाई म्हणाल्या. "डेंगी पॉझिटिव्ह. प्लेटलेट एकोणीस हजार. हा परवाचा रिपोर्ट आहे."

"एकोणीस हजार म्हणजे?"

"दीड लाखाच्या वर हव्यात. आकडा इतका खाली असला की आम्ही स्वतः फोन करतो. तिलाही केला होता, बंद लागला. आमच्या माणसाला वाटलं, रिपोर्ट तर तिने उघडलाय, बघितलाच असेल."

तिने उघडला होता खरा, पण त्यात शेजारच्या क्रमांकाच्या प्लेटलेट होत्या, दोन लाख चाळीस हजार.

मुलीच्या आडनावावरून ती आपल्याकडची आहे हे कळत होतं. पत्ता मुनिरकाचा, गल्ली, घर नंबर, तिसरा मजला. बाई म्हणाल्या की केंद्रावरून माणूस पाठवते, पण तो संध्याकाळी सुटेल. मी म्हटलं, मी जाते. माझं तिथे जाऊन काय होणार होतं, याचा मी विचार केला नाही. बसून राहणं जमलं नसतं, इतकंच.

बोटॅनिकल गार्डनला मेट्रो बदलली की मॅजेंटा लाइन थेट मुनिरकाला जाते. गाडीत बसायला जागा मिळाली. मी पूर्ण वेळ तिचा नंबर लावत होते आणि तोच ध्वनिमुद्रित आवाज मला हिंदीत आणि इंग्रजीत सांगत होता की फोन बंद आहे.

मुनिरकाच्या गल्ल्यांमध्ये घर नंबर क्रमाने नसतात. मी दोन झेरॉक्सच्या दुकानांत आणि एका मोमोच्या ठेल्यावर विचारलं. अखेर एका अरुंद जिन्याशी पोचले. जिन्याच्या तोंडाशी घरमालकीण खाटेवर बसून वाळलेले कपडे घडी करत होती.

"तीसरी मंज़िल वाली? बुखार वाली?" ती म्हणाली. "उसे तो कल शाम ले गए."

"कुठे?"

"सरकारी में. वो दूसरी छोरी ले गई, साथ वाली. कंधे पे डाल के उतारी है."

मी तिथेच पायरीवर टेकले. मालकिणीने न विचारता पाण्याचा ग्लास पुढे केला. तिच्याकडे त्या दुसऱ्या मुलीचा नंबर होता. मी फोन केला. पलीकडून सावध आवाज आला, हिंदी तुटक, पण स्पष्ट. मुलगी जिवंत होती. वॉर्ड नंबर मिळाला.

रिंग रोडवरच्या त्या सरकारी रुग्णालयात डेंगीच्या दिवसांत एका खाटेवर दोघी असतात. ती भिंतीच्या बाजूला होती, तिच्या पायांकडे डोकं करून एक वयस्क बाई. हाताला सलाइन, ओठ कोरडे, दंडावर लालसर ठिपके. मैत्रीण खाटेच्या कडेला उभी होती. मिझोरामची, ठेंगणी, पाठीला अजून कॉलेजची बॅग. मी कोण ते तिला सांगितलं. तिने मला नीट न्याहाळलं.

"रिपोर्ट ठीक था," ती म्हणाली. "ये ठीक नहीं थी. दो दिन बोलती रही, रिपोर्ट नॉर्मल है, सोने दो. कल ब्रश किया तो दाँत से खून बंद नहीं हुआ. मैंने बोला, रिपोर्ट छोड़ो, चलो."

मी मुलीजवळ गेले आणि मराठीत बोलले. तिने डोळे उघडले. दिल्लीत कुणी अनोळखी माणूस मराठीत बोलला की पटकन जवळचं वाटतं. मला त्या क्षणी त्याचा फायदा घ्यायचा नव्हता, म्हणून जे सांगायचं ते लगेच सांगितलं.

"तू फोनवर जो रिपोर्ट पाहिलास तो तुझा नव्हता. दुसऱ्या कुणाचा तरी तुझ्या नावाखाली दिसत होता. ती चूक माझी. मी लिहिलेल्या प्रोग्रामात होती."

तिला समजायला वेळ लागला. "मॅडम, म्हणजे माझा रिपोर्ट चुकला?"

"तुझा बरोबर होता. तुला दिसला नाही."

"मग कुठं होता?"

"लॅबमध्येच. तुझ्यापर्यंत पोचलाच नाही."

तिने छताकडे पाहिलं. "मी घरी सांगितलं, सगळं नॉर्मल आहे, येऊ नका. आई निघत होती. मी नको म्हणलं." थोड्या वेळाने म्हणाली, "अंग इतकं दुखत होतं. मला वाटलं, मीच नाटक करायले. रिपोर्ट तर चांगला आहे."

मी फोनचं विचारलं तर मैत्रिणीने सांगितलं की तापात हातातून निसटून बादलीत पडला होता. मुलीने मान भिंतीकडे वळवली. मी अर्धा तास तिथेच थांबले, डॉक्टरबाईंना फोन करून वॉर्डातल्या डॉक्टरांशी बोलायला लावलं, खरा रिपोर्ट त्यांच्या फोनवर मागवला. प्लेटलेट त्या सकाळी आणखी खाली गेल्या होत्या, पण रक्तस्राव थांबला होता. निघताना मी "येते" म्हटलं. तिने वळून पाहिलं नाही.

घरी आम्ही दोघीच, आई आणि मी. मी जेवताना तिला सगळं सांगितलं. आईने सॉफ्टवेअरचं काही विचारलं नाही.

"त्या मुलीला तिथे खायला काय देतात?"

"माहीत नाही."

"खिचडी देत असतील, तिखट. मी मऊ भात करून देते, सकाळी नेऊन दे. आणि बरोबर लिंबाचं गोड लोणचं."

मी म्हटलं, तिला माझं तोंड बघायची इच्छा नसेल. आई म्हणाली, "तोंड नको दाखवूस. डबा दे."

डबा मी त्या मैत्रिणीच्या हातात दिला. दोन दिवस असंच केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी खाटेपाशी एक गृहस्थ उभे होते, पांढरा शर्ट, इस्त्री मोडलेली, हातात कापडी पिशवी. परभणीकडून आले होते, मुलीचे वडील. तालुक्याच्या कोर्टात कारकून. मुलीने त्यांना माझ्याबद्दल सांगितलेलं दिसत होतं, कारण त्यांनी नमस्कार केला आणि लगेच विचारलं, "तुम्हीच का त्या?"

"हो."

"बाहेर येता जरा?"

आम्ही वॉर्डबाहेरच्या बाकावर बसलो. माणसाने आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी पिशवीतून रेघांचा कागद काढला, खाली वही धरली आणि माझ्यापुढे ठेवला.

"जे झालं ते लिहून द्या. मराठीत. माझं इंग्रजी कामापुरतं आहे. तारीख, वेळ, कुठून कुठे काय गेलं, कसं चुकलं. खाली सही."

साहेबांचं 'लिखित काही पाठवायचं नाही' मला आठवत होतं. मी पेन घेतलं.

मला मराठी लिहायची सवय नव्हती. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, आम्ही वाढलो सरकारी कॉलनीत. शाळा हिंदी आणि इंग्रजी, मराठी फक्त घरात बोलायची. आजीला पत्रं लिहायचे तेवढंच, तीही ती गेल्यावर बंद झाली. मी एकेक वाक्य जुळवत गेले. लॅबचा प्रोग्राम एका भाषेत आहे, फोनवरचा दुसऱ्या. पहिल्याने दुसऱ्याला नमुन्याचा क्रमांक संख्या म्हणून पाठवला. दुसऱ्या भाषेला एवढी मोठी संख्या नीट ठेवता येत नाही. त्यामुळे शेवटचा अंक बदलला. संख्या म्हणून पाठवायचं मी ठरवलं होतं. छोटे आकडे घेऊन चाचणी मी केली होती.

पुढच्या वाक्याला अडले. मनात शब्द होता तो हिंदी, लापरवाही. मराठीत काय म्हणतात ते काही केल्या आठवेना. मी त्यांनाच विचारलं.

"हलगर्जीपणा," ते म्हणाले. मग थांबले. "बाई, तो शब्द लिहायचा आहे का तुम्हाला? कोर्टात फार जड पडतो तो. नजरचूक म्हणतात, अनवधान म्हणतात. मी रोज बघतो, कुणी स्वतःहून तो शब्द लिहीत नाही."

"नजरचूक नव्हती," मी म्हटलं. "मला हे माहीत होतं. मी इतरांना शिकवलंय. मी तपासायला हवं होतं, ते केलं नाही."

"मग तुमची मर्जी."

मी तो शब्द लिहिला. ऱ्हस्व की दीर्घ हेही विचारून लिहिला. सही केली. त्यांनी कागद दोनदा वाचला, माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि 'नमूना' मधला दीर्घ ऊ ऱ्हस्व केला. मग तो घडी करून खिशात ठेवला.

"पोरगी वाचली म्हणून मी शांत आहे," ते उठताना म्हणाले. "नाहीतर काय केलं असतं ते मला सांगता येत नाही."

ऑफिसात गेल्यावर मी साहेबांना स्वतःच सांगितलं.

"हाताने लिहिलंस? सही करून?"

"हो."

"यार, तुला कल्पना आहे का?"

कल्पना होती. त्यांनी वकिलाला फोन केला. पण आता एक कागद बाहेर गेलेला असल्यामुळे गप्प बसण्यात काही अर्थ उरला नव्हता. डॉक्टरबाईही तोवर हटून बसल्या होत्या की प्रत्येकाला पत्र गेलंच पाहिजे. चार दिवसांत ती पत्रं गेली, हिंदीत आणि इंग्रजीत, लॅबच्या आणि आमच्या दोघांच्या सहीने. जे सम क्रमांकाचे होते त्यांनाही कळवावं लागलं, कारण त्यांचे आकडे परक्या माणसांनी पाहिले होते. त्यांचे काही फोन मी घेतले. एका गृहस्थांनी पंधरा मिनिटं मला सुनावलं, एका बाईंनी एवढंच विचारलं की दुसऱ्याला माझं वजन पण दिसलं का. दिसलं नव्हतं. त्यांनी समाधानाने फोन ठेवला.

लॅबने पुढच्या वर्षी आमच्याशी करार केला नाही. मला कुणी काढलं नाही, पण नवी कामं माझ्याकडे येईनाशी झाली आणि उन्हाळ्यात मी दुसरी नोकरी धरली, नोएडातच, तीन सेक्टर सोडून. तिथेही काम तेच आहे, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत मजकूर पाठवायचा. मुलाखतीत मी हे सगळं सांगितलं. समोरच्या बाईंनी टिपून घेतलं, पुढचा प्रश्न विचारला.

मुलगी सहाव्या दिवशी रुग्णालयातून सुटली आणि वडिलांबरोबर गावी गेली. त्या कागदाचं त्यांनी काय केलं ते मला समजलं नाही. नोटीस आली नाही, फोन आला नाही. कित्येक महिने पोस्टातून काही आलं की मी आधी पाठवणाऱ्याचं गाव बघत असे.

त्याच वर्षी दिवाळीनंतर ती मुनिरकाला परतली, हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. एका दुपारी अनोळखी नंबरावरून एक फोटो आला. दुसऱ्याच कुठल्या तरी लॅबचा छापील कागद होता, प्लेटलेट दोन लाख दहा हजार, आणि खाली मराठीत लिहिलेलं: 'ताई, काउंटरवर उभं राहून हातात घेतला. नाव, नंबर दोन्ही वाचले.'

मी उत्तर लिहायला बसले. दोनतीन वाक्यं लिहिली आणि खोडली. शेवटी 'बरं वाटलं' एवढंच पाठवलं, आणि आईला सांगायला आत गेले.